समोरच्याची चाल आधी बघा!

'बुद्धिबळ येतं का?' या प्रश्नाला बहुतेक मराठी घरांतून एकच उत्तर येतं, 'येतं थोडंफार.' या थोड्याफारचा अर्थही ठरलेला असतो. हत्ती सरळ चालतो, उंट तिरका, घोडा अडीच घरं, वजीर सरळही आणि तिरकाही. प्यादं पुढे जातं पण मारतं तिरकं, आणि राजा बिचारा एकेक घर सरकतो. एवढं कळायला एक संध्याकाळ पुरते. सात-आठ वर्षांचं पोर ते रात्रीच्या जेवणाआधी शिकून मोकळं होतं. पंचाईत होते ती त्यानंतर. एवढ्याच शिदोरीवर ते पोर शाळेच्या स्पर्धेत जाऊन बसतं आणि चौथ्या चालीला मात खाऊन घरी येतं. डोळ्यांत पाणी. मग आई समजूत काढते, 'जाऊ दे, आपल्याला नाही जमत ते. अभ्यासाकडे लक्ष दे.' पट कपाटावर जातो. तो पुन्हा खाली येईलच याचा नेम नाही.

खरं तर त्या पोराला बुद्धिबळ जमत नाही असं काहीच सिद्ध झालेलं नसतं. त्याला घरात चाली शिकवल्या गेल्या, खेळ शिकवला गेला नाही, एवढंच.

जबलपूरजवळच्या खमरियाचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती क्वार्टरांची वसाहत वाढली. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांतात, म्हणजे त्याची राजधानी नागपूर. त्यामुळे मराठी माणसाला हे गाव कधी फार परकं नव्हतंच. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या बदल्यांनी खडकी, अंबाझरी, वरणगाव, भंडारा अशा ठिकाणांहून मराठी कुटुंबं इथे येत राहिली. २०२१ सालापासून हा कारखाना ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, तिचं मुख्यालय तर पुण्यातच आहे. अशा वसाहतीतल्या मराठी घरात बुद्धिबळाच्या पटावर तीन भाषा नांदतात. आजोबा 'किल्लेकोट' म्हणतात, शेजारचे हिंदी भाषक काका 'किलेबंदी' म्हणतात आणि इंग्रजी शाळेत जाणारी नात म्हणते 'कॅसलिंग'. आजोबांचा वजीर ही नातीची क्वीन. नावं बदलल्यानं काही बिघडत नाही. नियम बदलले की मात्र बिघडतं.

समजा, अशाच एका क्वार्टरमध्ये कारखान्यातून निवृत्त झालेल्या आजोबांनी नऊ वर्षांच्या नातीला बुद्धिबळ शिकवलं. ते स्वतः लहानपणी गावाकडे आपल्या वडिलांकडून शिकलेले. त्यामुळे त्यांनी नातीला सांगितलं, की प्यादं नेहमी एकच घर पुढे जातं. राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, तीही त्याला शह बसण्याआधी. प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तो मोहरा होतं. नातीनं हे सगळं पाठ केलं आणि ती शाळेच्या स्पर्धेत उतरली. समोरच्या मुलानं पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे टाकलं. ही ओरडली, 'चीटिंग, चीटिंग!' सरांनी येऊन नियम सांगितला. मुलं हसली. ती गोंधळली आणि पुढच्या तीन चालींत तिचा डाव आटोपला. घरी आल्यावर ती काय म्हणणार?

'आजोबा, तुम्ही मला चुकीचं शिकवलंत.'

'अगं, चुकीचं नाही. जुनं शिकवलं.'

आजोबांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. हे जुने देशी नियम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले. प्रांतोप्रांती त्यात थोडाफार फरक असे, पण एकेक घर चालणारं प्यादं आणि राजाची घोडउडी ही त्यांची ठळक ओळख. आणि देशी पद्धतीवरून परदेशी पद्धतीवर येताना होणारी ही ओढाताणही आजची नव्हे. १८१४ साली, म्हणजे पेशवाई अजून शिल्लक असताना, मुंबईत बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचा तो अनुवाद होता, आणि त्यातले डाव युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतले आहेत असं त्याच्या नावातच सांगितलं होतं. खमरियाच्या क्वार्टरातलं भांडण असं दोनशे वर्षांहून जुनं आहे!

याचं सगळ्यांत नवल वाटावं असं उदाहरण म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातला हा खेळाडू देशी नियमांवर वाढला. परदेशी नियम तो मोठेपणी शिकला. सर उमर हयात खान यांच्याबरोबर तो १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी त्यानं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा जिंकलं. हेस्टिंग्जच्या १९३०-३१च्या स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. २०२४ साली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघानं त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. आणि ज्या उमर हयात खान यांच्या पदरी तो होता, त्यांच्याच घरात कामाला असलेल्या मिस फातिमानं १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद पटकावलं. तेव्हा देशी नियमांवर शिकलेला माणूस मागे पडतो असं मुळीच नाही. फक्त कुठले नियम कुठे चालतात, हे पट मांडण्याआधी ठरलेलं असावं.

म्हणून घरात पहिलं काम हे. स्पर्धेत चालणारे नियम सगळ्यांनी एकदा समजून घ्यायचे. पट असा ठेवायचा, की प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर येईल. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या घरात. प्याद्याला त्याच्या पहिल्या चालीला एक किंवा दोन घरं जाता येतं, नंतर एकेकच. शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी हवं ते करता येतं. वजीर पटावर जिवंत असला तरी दुसरा करता येतो. राजाची घोडउडी विसरायची. तिच्याऐवजी किल्लेकोट. राजा हत्तीच्या दिशेनं दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्यावरून उडी मारून पलीकडे शेजारी बसतो. मात्र राजा आणि तो हत्ती दोघंही तोवर जागचे हललेले नसावेत, मधली घरं रिकामी असावीत, राजाला त्या वेळी शह नसावा आणि राजा ज्या घरावरून जातो किंवा ज्या घरात बसतो तिथे शत्रूचा मारा नसावा. घरोघरी सगळ्यांत जास्त वाद या शेवटच्या अटीवरून होतात.

आणखी एक नियम मुलांना कुणी सांगत नाही आणि स्पर्धेत तो भुतासारखा समोर येतो. तुमचं प्यादं त्याच्या पहिल्या चालीत दोन घरं पुढे गेलं आणि शत्रूच्या प्याद्याच्या अगदी शेजारी जाऊन थांबलं, तर शत्रूला ते मारता येतं. जणू ते एकच घर गेलं होतं असं समजून तो तिरका मारतो. पण ताबडतोब, पुढच्याच चालीला. एक चाल चुकवली की हक्क संपला. दोन घरं धावून कुणी गुपचूप निसटू नये, म्हणून ही वाटेतली जकात!

आता त्या चार चालींच्या मातेकडे वळू या. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे घेतलं, काळ्यानंही तेच केलं. पांढऱ्यानं उंट बाहेर काढून सी-४ या घरात बसवला, काळ्यानं वजिराकडचा घोडा सी-६ला आणला. पांढऱ्यानं वजीर थेट एच-५ला नेला. काळ्यानं खूश होऊन दुसरा घोडा एफ-६ला आणला, कारण त्यानं वजिरावर हल्ला होतो. आणि पांढऱ्या वजिरानं एफ-७चं प्यादं मारलं. मात! वजिराच्या पाठीशी उंट आहे, राजा त्याला मारू शकत नाही, पळायला जागा नाही.

एफ-७च का? पट मांडल्यावर नीट बघा. त्या प्याद्याचं रक्षण एकटा राजा करतो. बाकी सगळ्या प्याद्यांना कुणा ना कुणा मोहऱ्याचा आधार असतो, याला फक्त राजाचा. घराची मागची खिडकी नेमकी हीच, आणि चोराला ती ठाऊक असते.

यावर उपाय काय? इथे बहुतेक मोठी माणसं मुलांना एक चाल पाठ करून देतात, 'वजीर एच-५ला आला की जी प्यादं एक घर पुढे टाक.' वरच्या डावात ही चाल उत्तमच आहे. प्याद्यानं वजिराची एफ-७कडे जाणारी वाट बंद होते आणि वजिरावर हल्लाही होतो. वजीर मागे सरून एफ-३ला गेला तर त्याचा पुन्हा एफ-७वर डोळा असतो. मग घोडा एफ-६ला आणायचा. तो आता मध्ये उभा राहून वाट अडवतो. पांढऱ्याचा वजीर इकडेतिकडे फिरला आणि काळ्याचे दोन घोडे बाहेर येऊन कामाला लागले. डाव आता काळ्याला काही वाईट नाही.

पण हीच पाठ केलेली चाल एक पाऊल आधी केली तर? समजा, पांढऱ्यानं उंट काढलाच नाही, दुसऱ्याच चालीला वजीर एच-५ला आणला. पाठांतरवाल्या मुलानं लगेच जी प्यादं पुढे टाकलं. आता बघा काय होतं ते. पांढरा वजीर ई-५चं प्यादं मारतो. राजाला शह बसतो, आणि त्याच वेळी वजिराची नजर तिरकी एच-८च्या हत्तीवर असते. कारण हत्तीपुढचा आडोसा म्हणजे ते जी प्यादं, ते तर आपणच हलवलं! राजाचा शह सोडवायचा, तेवढ्यात हत्ती गेला. एच-५चा वजीर या वेळी एफ-७कडे एकटाच बघत होता. ते प्यादं मारलं असतं तर राजानं त्यालाच मारलं असतं. खरी भूक होती ती ई-५च्या प्याद्याची. त्याला घोड्यानं सी-६वरून आधार दिला असता की काम झालं होतं.

तोच वजीर, तेच घर आणि तीच उत्तराची चाल. एकदा अमृत, एकदा विष. म्हणून चाली पाठ करून भागत नाही. प्रत्येक वेळी आपला हात पुढे जाण्याआधी एक प्रश्न विचारायचा, 'समोरच्यानं असं का केलं?' तो आता कशावर मारा करतोय? काल म्हणजे मागच्या चालीला जे सुरक्षित होतं ते आता उघडं पडलं का? या प्रश्नासाठी ग्रँडमास्टर असावं लागत नाही. इतकंच काय, बुद्धिबळ न येणारी आईसुद्धा स्वयंपाकघरातून एवढं विचारू शकते, 'अरे, त्यानं ते तिथे का ठेवलं?' मुलाला उत्तर द्यावं लागलं की त्याचे डोळे आपोआप समोरच्या बाजूला जातात. बहुतेक नवशिक्यांचं दुखणं हेच असतं, की ते अर्धा पटच बघतात. आपला अर्धा.

हा प्रश्न अंगवळणी पडला की डावपेच शिकायला सोपे जातात. कारण बहुतेक डावपेच म्हणजे एका चालीत दोन कामं. समोरच्याला एका चालीत एकच काम करता येतं, म्हणून दुसरं आपल्याला मिळतं.

सुरुवात घोड्यापासून करावी. तो दुसऱ्यांच्या डोक्यावरून उडतो आणि एकाच जागेवरून आठ घरांवर डोळा ठेवतो. समजा, काळा राजा आपल्या मूळ जागी, ई-८ला आहे आणि हत्ती ए-८च्या कोपऱ्यात. पांढरा घोडा सी-७ला जाऊन बसला, की राजाला शह आणि हत्तीवर हल्ला एकदम. त्या घोड्याला कुणी मारू शकत नसेल, तर राजा हलणारच आणि हत्ती जाणारच. मुलांना हा डाव इतका आवडतो की पुढचे आठ दिवस घरात घोडेच घोडे उधळतात. उधळू द्यावेत. पण त्याच वेळी उलटा प्रश्नही शिकवावा. समोरच्याचा घोडा कुठे येऊन बसला तर माझे दोन मोहरे एकदम सापडतील?

दुसरा डाव बांधून ठेवण्याचा. आपला उंट बी-५ला आहे. काळा घोडा सी-६ला, त्याच्यामागे डी-७चं घर रिकामं आणि त्यामागे ई-८ला राजा. आता तो घोडा हलूच शकत नाही, कारण तो हलला तर राजा उघडा पडेल. घोडा पटावर दिसतो, पण त्याचे पाय बांधलेले. अशा बांधलेल्या मोहऱ्यावर लगेच मारा करून त्याला खाण्याची घाई नसते. आधी त्याच्यावर आणखी एखादा मोहरा रोखावा, प्यादं पुढे आणावं. तो पळून जाणार नाही.

तिसरा, आडून येणारा शह. पुढचा मोहरा बाजूला होतो आणि त्याच्यामागे दडलेला हत्ती किंवा उंट राजाला शह देतो. समोरचा राजा वाचवण्यात गुंतलेला, तोवर बाजूला झालेला मोहरा जाता जाता काहीतरी मारून मोकळा. हा डाव पहिल्यांदा अंगावर आला की नवशिक्याला जादू झाल्यासारखं वाटतं. वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळणारा 'काटशह' हा शब्दही इथलाच. शह चुकवता चुकवता उलट शह देणं म्हणजे काटशह. राजकारणात तो दिवसाआड होतो, पटावर क्वचित!

आणि एक मात अशी आहे की ती चांगल्या चांगल्यांना बसते. किल्लेकोट करून राजा जी-८ला सुखानं बसलाय, पुढे तीन प्याद्यांची भिंत. हत्ती दुसरीकडे स्वारीवर गेलाय. समोरचा हत्ती सरळ आठव्या रांगेत येतो, आणि राजाला त्याच्याच प्याद्यांनी पुढे जाऊ दिलं नाही म्हणून मात. जी भिंत रक्षणासाठी होती तीच तुरुंग झाली. उपाय एका प्याद्याचा आहे. सवड मिळाली की हत्तीकडचं प्यादं एक घर पुढे करून राजाला खिडकी उघडून ठेवावी. उगाच मात्र नाही. डावाच्या सुरुवातीलाच खिडक्या उघडत बसलं तर वारा नको तिथून येतो. पांढऱ्यानं आधी एफ प्यादं एक घर आणि मग जी प्यादं दोन घरं पुढे घेतलं, तर दुसऱ्याच चालीला काळा वजीर एच-४ला येऊन मात देऊ शकतो. बुद्धिबळातली सगळ्यांत झटपट मात ती हीच.

मोहऱ्यांची किंमतही मुलांना रुपयांत सांगावी, चटकन समजते. प्यादं एक रुपया, घोडा आणि उंट प्रत्येकी तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. हत्ती देऊन घोडा घेतला तर दोन रुपये बुडाले. लहान मुलांना मारायची भारी हौस. मेलेले मोहरे पटाशेजारी ओळीनं मांडून ती मोजत बसतात. त्यांना विचारावं, 'काय दिलंस आणि काय आणलंस?' बाजारातून भाजी आणणाऱ्या मुलाला जसा हिशेब विचारतात तसा. आणि समोर फुकट प्यादं दिसलं की हात पुढे जाण्याआधी पुन्हा तोच प्रश्न. त्यानं ते फुकट का सोडलं? विसरला, की गळ टाकला? राजाला किंमत नाही, कारण तो गेला की दुकानच बंद.

जिंकत आलेला डाव हातचा घालवण्याची एक हमखास जागा आहे. समोरच्याकडे एकटा राजा, आपल्याकडे राजा आणि वजीर. मूल उत्साहानं वजीर अगदी जवळ नेतं आणि समोरच्या राजाला शह नसताना हलायलाच जागा उरत नाही. डाव बरोबरीत! नवशिक्यानं एक खूण लक्षात ठेवावी. राजा कोपऱ्यात असेल तर वजीर त्याच्यापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर ठेवू नये. राजा ए-८ला आणि वजीर बी-६ला किंवा सी-७ला आला की एकट्या राजाची कोंडी होते, पण मात होत नाही. नऊ रुपयांचा वजीर खिशात असून अर्धाच गुण घेऊन उठणाऱ्या मुलाचं तोंड बघवत नाही.

आता थोडं घरातल्या मोठ्यांविषयी. आजोबा नातीशी खेळतात तेव्हा दोनच गोष्टी होतात. एक तर आजोबा मुद्दाम हरतात, नाहीतर 'बघ हं, तुझा वजीर जाईल, परत घे चाल' असं करत तिला डावभर सांभाळून नेतात. दोन्हीत प्रेम आहे आणि दोन्हीत नुकसान आहे. स्पर्धेत मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो. चाल परत घेण्याची सवय लागलेलं मूल आधी हात उचलतं आणि मग विचार करतं. त्यापेक्षा आजोबांनी आपला एक हत्ती किंवा वजीर पटावर न मांडता खेळावं. डाव खरा होतो, चुकीची शिक्षाही खरी मिळते आणि नातीला जिंकण्याची संधीही राहते. आणखी एक गमतीचा उपाय आहे. दहा-बारा चाली झाल्यावर पट फिरवून बाजू बदलायची. ज्या मुलीनं आत्तापर्यंत समोरच्याकडे बघितलंच नव्हतं तिला आता समोरच्याच्याच खुर्चीत बसावं लागतं!

नातीचा उल्लेख इथे मुद्दाम आहे. मुलगा चार चालींत हरला तर 'शिकेल हळूहळू' म्हणतात, मुलगी हरली तर पट लवकर कपाटावर जातो. मराठी घरांना हे शोभत नाही. कारण भारतातलं महिलांचं बुद्धिबळ एका मराठी घरातूनच पुढे आलं. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली. जयश्री १९७९ साली भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. धाकटी रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. केवढा गहजब झाला! मुलीनं पुरुषांत खेळायचं म्हणजे काय? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष आणि माजी जगज्जेते मॅक्स यूव यांनी निर्वाळा दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ साली हैदराबादला रोहिणीनं आशियाई महिला अजिंक्यपद जिंकलं, एकही डाव न हरता.

एका घरात तीन बहिणी असल्या की सरावाला माणूस शोधावं लागत नाही, हेही त्यातलं एक गुपित असणार. पण तीन बहिणी नसल्या म्हणून काही अडत नाही. खमरियाहून रस्त्यानं पाऊण दिवसाच्या आत नागपूर गाठता येतं. तिथली दिव्या देशमुख, आईवडील दोघंही डॉक्टर. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघानं सुवर्णपदक मिळवलं त्या संघात ती होती आणि तिच्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णही तिनं घेतलं. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती, वयानं आणि अनुभवानं कितीतरी मोठी. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत निकाल लागला आणि एकोणीस वर्षांची दिव्या विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर किताबही घेऊन परतली. भारताची ती अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर. अंतिम फेरीतली दोन्ही नावं भारतीय होती, आणि दोन्ही स्त्रियांची.

ज्यांच्या घरात पट कपाटावर गेलाय त्यांनी तो खाली काढावा आणि लगेच पूर्ण डाव मांडू नये. पहिले काही दिवस दोन्ही बाजूंना फक्त राजा आणि आठ-आठ प्यादी घेऊन खेळावं. ज्याचं प्यादं आधी शेवटच्या रांगेत पोचेल तो जिंकला. प्यादं तिरकं मारतं, दोन घरं धावतं, वाटेत पकडलं जातं, हे सगळं यात न सांगता समजतं. आणि समोरच्याच्या प्याद्याकडे बघितलं नाही तर ते कसं निसटतं, तेही. मग घोडे आणावेत, मग उंट, मग हत्ती. वजीर सगळ्यांत शेवटी. तो आधी आणला की मुलं बाकी सगळ्यांना विसरतात.

डाव रंगू लागले की एक वही करावी. प्रत्येक घराला नाव आहेच. आडवी ए ते एच अक्षरं, उभे एक ते आठ आकडे. आपली चाल झाली की ती लिहायची, समोरच्याची झाली की तीही लिहायची. मोठ्या स्पर्धांत हे सक्तीचंच असतं. घड्याळ लावून खेळायची वेळ आली तर ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं, हेही घरीच सांगून ठेवावं. सुरुवातीला मुलं लिहायला कंटाळतात, चाली चुकीच्या लिहितात, ओळी गाळतात. महिनाभरात सरावतात. मग स्पर्धेत हरलेला डाव रात्री जेवणानंतर पुन्हा पटावर मांडता येतो. आजोबा काळे घेऊन, नात पांढरे घेऊन, वहीत बघत एकेक चाल. कुठल्यातरी चालीपाशी नात थांबते आणि म्हणते, 'इथे त्याचा उंट मी पाहिलाच नव्हता.'